चोथा बॉयलरला

रविवार, ५ सप्टेंबर १९७१. देवळाली प्रवरा.

नवी वही. जुनी (पहाटेचा व्यायाम) तिसऱ्या पानावर बंद पडली. त्यात माझा दोष नव्हता. पहाट फार लवकर होत होती.

कारखान्यात शिफ्ट केमिस्टची एक जागा निघाली आहे. उमेदवार दोन. मी (शलमोन भांबळ) आणि कारभारी. लॅबोरेटरीत आम्ही शेजारशेजारच्या टेबलांवर उसाचा रस तपासतो, एवढंच आमच्यात साम्य. मी इंटर सायन्सला बसलेला माणूस (निकाल हा तपासणाऱ्याचा गैरसमज). कारभारी मॅट्रिक आणि शेतकरी. तरी चीफ केमिस्ट म्हणाले, दोघंही सारखेच. ९ ऑक्टोबरला मेडिकल आहे. गळीत हंगामात रात्रपाळ्या असतात, तेव्हा डॉक्टर ज्याला फिट म्हणतील तो घेऊ.

म्हणजे सहा वर्षांच्या नोकरीचा फैसला तब्येतीवर. ठीक आहे. तब्येत करू. त्यात काय.

थिअरी दुपारी जेवताना सापडली. सासूबाई मोसंबी खात होत्या. (रतनबाई, वय सत्तरच्या पुढे. चार दिवसांसाठी आल्या, चौथा महिना चालू.) साल काढली, फोड सोडवली आणि पातळ पापुद्र्यासकट, चोथ्यासकट चावून गिळली. फक्त बी थुंकली. माणूस जेवतोय की म्हैस रवंथ करतेय, कळेना.

बघता बघता लख्ख प्रकाश पडला. आमच्याकडे ऊस येतो. त्याचा रस काढतात. रसाची साखर होते. चिपाड बॉयलरला जातं. आजवर एकाही संचालकाने चिपाड खाल्लेलं मी पाहिलेलं नाही. मग मोसंबीला वेगळा न्याय का? फळाचं सगळं सत्त्व रसात. चोथा बॉयलरला.

आमच्याकडे बॉयलर नाही. शेळी आहे. चालेल.

संकल्प: उद्यापासून रोज तीस मोसंब्यांचा रस. दहा सकाळी, दहा दुपारी, दहा संध्याकाळी. लिडिया (बायको, मराठी शाळेत मास्तरीण) म्हणाली, अहो, तीस मोसंबी खाऊन होतील का? हाच तर मुद्दा आहे. खायचीच नाहीत.

सोमवार, ६ सप्टेंबर

मोसंबी कारभारीच्याच मळ्यातून आणायचं ठरवलं. शत्रूच्या दारूगोळ्यावर शत्रूला हरवायचं. त्याला कारण सांगितलं. तो हसला. म्हणाला, "शलमोनभाऊ, येवढी पिळून काय करता? खावा की. पिळलेल्याला दाताची गाठच न्हाई, त्ये आत कवा गेलं पोटाला कळत बी न्हाई." मी त्याला सांगितलं की पोटाला कळण्याची गरज नाही, रक्ताला कळलं की पुरे. त्याने डोकं खाजवलं. मॅट्रिक.

तरी टोपली भरून दिली. हिरवी आहेत अजून, पण रसदार.

बुधवार, ८ सप्टेंबर

तीस पूर्ण. दहा मोसंब्यांचा रस घटाघट प्यायला मला एक मिनिट लागतं. घड्याळ लावून पाहिलं. सासूबाईंना एक मोसंबी खायला दहा मिनिटं. ही एफिशियन्सी. देश मागे का, ते इथे कळतं.

रस प्यायल्यावर तासाभरात पुन्हा भूक लागते. म्हणजे पचनशक्ती वाढली. दोन भाकरी जादा खाल्ल्या.

शुक्रवार, १० सप्टेंबर

रोज तीनदा पिळायचा कंटाळा आला. आळस नाही, कामाची आखणी. सकाळीच तीसही पिळून पितळी पातेल्यात ठेवली. संध्याकाळी रस कडू झालेला, कडेला हिरवट. पातेल्याची कल्हई गेली होती, हे लिडियाने नंतर सांगितलं. आधी सांगायला तिला काय झालं होतं? म्हणाली, ताजं प्यायलं तरच त्याचा काही उपयोग, ठेवलं की सत्त्व उडतं. शाळेच्या पुस्तकात आहे म्हणे. चौथीच्या.

चौथीच्या पुस्तकावर माझी तब्येत चालणार नाही. नाक दाबून प्यायलो.

शनिवार, ११ सप्टेंबर

रात्रभर परसाकडे फेऱ्या. पातेल्याचा दोष. थिअरीचा नाही.

मंगळवार, १४ सप्टेंबर

रस गढूळ दिसतो. कारखान्यात गढूळ रसाला चुन्याची निवळी देतात, गाळ खाली बसतो, वरचा रस नितळ निघतो. मोसंबीलाही तीच ट्रीटमेंट द्यायची ठरवली. सासूबाईंच्या चंचीतून चिमूटभर चुना घेतला. रंग पिवळाधमक. चव भिंतीची.

प्यायलो. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "जावईबापू, पानबी देऊ का वर?"

अडाणी माणसाच्या विनोदाला उत्तर द्यायचं नसतं.

गुरुवार, १६ सप्टेंबर

चोथ्यात अजून रस राहतो, हे लक्षात आलं. कारखान्यात चिपाडावर गरम पाणी मारून पुन्हा पिळतात आणि शेवटचा थेंब काढतात. घरी हाताने होईना. सहादेवची रसवंती पावसाळ्यात बंद असते. त्याच्याकडे जाऊन चरकात घालायची परवानगी मागितली. तो आधी नाही म्हणाला, मग मी कारखान्याच्या लॅबोरेटरीतून आलोय म्हटल्यावर साहेबांचं काम समजून हो म्हणाला.

वेळ वाचावा म्हणून मोसंबी सालीसकट घातली. ऊस कुठे सोलून घालतात? रस भरपूर निघाला. कडू. म्हणजे कडुनिंबाने ऐकून मान खाली घालावी असा कडू. सहादेव ओरडत होता की चरकाच्या रुळांना वास लागला, आता उन्हाळ्यात त्याचं गिऱ्हाईक तोंड वाकडं करणार. अर्ध्या ग्लासनंतर थांबलो. कडू ते औषध, पण औषधाला मात्रा असते.

सालीशिवाय थिअरी अबाधित.

रविवार, १९ सप्टेंबर

चौथा दिवस. पोट साफ नाही. काय करावं? रात्री एरंडेल घेतलं.

सासूबाई म्हणाल्या, चोथा पोटाला झाडू मारतो, झाडू फेकून दिला तर घर कसं झाडायचं? शेळी आमच्याकडेच बघत चोथा खात होती. शेळीची तब्येत सुधारली आहे. अंगावर चकाकी, लेंड्या मोत्यांसारख्या, दूध अर्धा शेर वाढलं. योगायोग.

मंगळवार, २१ सप्टेंबर

वजन करायचं ठरवलं. प्रगतीचा आकडा हवा. दवाखान्यातल्या काट्यावर जायचं तर डॉक्टर मेडिकलच्या आधीच बघणार. कारखान्यात मोठा वजनकाटा आहे की, ऊस मोजायचा! दुपारी काटेवाल्याशिवाय कोणी नसताना उभा राहिलो. काटा हललाच नाही. काटेवाला म्हणाला, तो टनात मोजतो, माणसाचं त्याला कळत नाही. मग रिकामी बैलगाडी चढवली, एकदा माझ्याशिवाय, एकदा मला बसवून. फरक साठ किलो. किंवा सत्तर. दहा किलोखाली काटा वाचत नाही.

जून महिन्यात पासष्ट होतो. म्हणजे पाच किलो वाढलो. (किंवा कमी झालो. पण तसं का होईल?)

लिडिया म्हणते, सदरे गळ्याशी ढिले झालेत. धोब्याने ताणले असणार.

शुक्रवार, २४ सप्टेंबर

तहान फार लागते. रात्री तांब्यावर तांब्या संपतो. रस शरीर धुऊन काढतोय. आतली सगळी मळी बाहेर. कारखान्यातही हंगामाआधी सगळे पाइप असेच धुतात.

रविवार, २६ सप्टेंबर

सकाळच्या उपासनेत तीनदा उठून बाहेर जावं लागलं. तिसऱ्यांदा परत आलो तेव्हा पाळकसाहेब उपदेश थांबवून माझ्याकडे बघत होते. बाकावरच्या बायका हसल्या. प्रभूच्या घरात हसण्यासारखं काय आहे? धुलाई जोरात चालू आहे, एवढंच.

घरी आलो तर मोसंबीची टोपली गायब. काल भरलेली. तेरा दिवसांवर मेडिकल आणि घरातच चोरी. सासूबाईंना विचारलं. त्या पान लावत बसल्या. शेळीच्या खोपटामागे गोणपाट घालून टोपली झाकलेली सापडली.

मी बोललो. शेजारीपाजारी ऐकत होते, तरी बोललो. मोसंबी आवडतात तर मागून घ्याव्यात, जावयाच्या घरात लपवून ठेवायची वेळ का यावी? चार महिने खाऊन पिऊन वर ही चोरी? सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या. लिडिया माझ्याशी बोलत नाही.

न्याय कडू असतो. मी रस प्यायलो.

सोमवार, २७ सप्टेंबर

लिडियाने शाळेतून आल्यावर तोंड उघडलं. मोरीत मुंग्या होतात म्हणे. मी जातो तिथेच. आईने दोन दिवस पाहिलंय, राख टाकली तरी पुन्हा येतात.

मी सांगितलं की ग्लास मोरीत विसळतात, रस सांडतो, मुंग्या येतात. साधं विज्ञान. लिडिया म्हणाली, ग्लास अंगणात विसळतात.

सासूबाई उंबऱ्यात बसून होत्या. कालच्या बोलण्याबद्दल शब्दही नाही. फक्त म्हणाल्या, "जावईबापू, रागवू नगा. आमच्या मालकाला बी असंच हुतं. पानी पानी करायचं. मोरीत मुंग्या. आमी हसायचो, म्हनायचो, म्हातारा गोड हाय. मंग अंगठ्याला ठेच लागली. ती भरलीच न्हाई. पाय कापला, तरी गेले. म्हून टोपली लपवली हुती."

लिडियाचे वडील. मी पाहिले नाहीत. लग्नाआधीच गेले.

सासूबाई निरक्षर आहेत, हे लक्षात ठेवलं पाहिजे.

तरी रात्री कंदील घेऊन मोरीत गेलो. मुंग्या होत्या. मोजल्या नाहीत.

बुधवार, २९ सप्टेंबर. दसरा.

कारखान्यात बॉयलर पेटवला. संचालक, नारळ, पेढे. सगळे बॉयलरकडे गेले असताना लॅबोरेटरीत प्रयोग केला. अडाणी माणसाला पुराव्याने गप्प करायचं. रसात किती साखर ते बघायला आमच्याकडे निळं द्रावण असतं. नमुन्याचे चार थेंब टाकून उकळायचं. साखर नसली तर निळं राहतं. असली तर विटेसारखं तांबडं होतं.

माझा नमुना घातला. तांबडं.

परीक्षानळी नीट धुतलेली नसणार. उसाच्या लॅबोरेटरीत सगळ्यालाच साखर लागलेली. नवी नळी घेतली. तांबडं.

द्रावण जुनं असणार. ताजं केलं. तांबडं.

तेवढ्यात कारभारी आला. कपाळाला गुलाल, तोंडात पेढा. विज्ञानासाठी त्याचाही नमुना मागितला. तो इतका हसला की पेढा घशात अडकला, पण दिला. निळं. स्वच्छ आकाशासारखं निळं.

निष्कर्ष: माझ्या शरीरात सत्त्व इतकं भरलंय की उतू जातंय. कारभारीच्यात काहीच नाही.

कारभारीने दोन्ही नळ्या उजेडात धरल्या. हसायचा थांबला. म्हणाला, "शलमोनभाऊ, मेडिकलची वाट बघू नगा. आजच डॉक्टरकडं जावा. जागा तुमी घ्या, पन जावा."

जागा तुम्ही घ्या! हा डाव मी ओळखतो. वेळेआधी गेलो की डॉक्टर शेरा मारणार. गेलो नाही.

झोप लागली नाही. भीती वाटली. कशाची ते लिहीत नाही.

रविवार, ३ ऑक्टोबर

रस निम्म्यावर आणला. पंधरा. थिअरी चुकली म्हणून नाही. रविवारी कारभारी टोपली आणत नाही.

गुरुवार, ७ ऑक्टोबर

परवा मेडिकल. नवा संकल्प: उद्या दिवसभर आणि परवा सकाळी फक्त रस. जेवण नाही. शरीर हलकं, मेंदू तल्लख, डॉक्टर थक्क. शेवटचा डोस चाळीस मोसंब्यांचा.

लिडिया रडली. बायका परीक्षेच्या वेळी रडतातच.

शनिवार, ९ ऑक्टोबर

सकाळी चाळीस मोसंब्यांचा रस. दोन तांबे. चार मिनिटांत.

डॉक्टरांनी छाती ठोकली, जीभ बघितली, डोळे बघितले. वजन त्रेपन्न किलो. मी म्हटलं, काटा चुकतोय. ते म्हणाले, हा माणसांचा काटा आहे. (वजनकाट्याची बातमी इथवर आली होती.) मग नमुना मागितला. त्यांच्याकडेही निळंच औषध. त्यांनी स्पिरिटच्या दिव्यावर नळी धरली. मी खिडकीबाहेर बघत होतो. खिडकीतून कारखान्याची चिमणी दिसते. चिपाडाचा धूर निघत होता.

नळी टेबलावर ठेवली तेव्हा बघावंच लागलं.

डॉक्टरांनी विचारलं, काय खाता? मी वही न बघता थिअरी सांगितली. ऊस, रस, चिपाड, बॉयलर, सगळी. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "आत्ता माझ्यासमोर चाळीस मोसंबी सोलून खाऊन दाखवा." मी म्हटलं, शक्य नाही. म्हणाले, "तिसऱ्या-चौथ्याला पोट बस म्हणेल. का? चोथ्याने पोट भरतं, साखर हळूहळू रक्तात उतरते. तुम्ही चोथा काढून टाकला म्हणजे पोटाचं तोंड बंद केलं आणि साखर सरळ रक्तात ओतली. दिवसाला तीस मोसंब्यांची. साखरेचा कारखाना तिकडे आहे, भांबळ. इथे काढायला कोणी सांगितलं?"

रोग रसाने लावला नाही, असंही म्हणाले. तो आत कधीचा बसला असेल. पण चुलीत बसलेल्या विस्तवावर मी रॉकेल ओतलं. वेळेवर आलात, म्हणाले. आणखी दोन-तीन महिने गेले असते तर पायाचं बोलावं लागलं असतं.

सासऱ्यांचा अंगठा आठवला. न पाहिलेला.

शेरा: रात्रपाळीस अपात्र.

मंगळवार, १२ ऑक्टोबर

कारभारी शिफ्ट केमिस्ट झाला. लॅबोरेटरीत पेढे आणले, मला सोडून सगळ्यांना दिले. माझ्या टेबलावर एक पेरू ठेवला. म्हणाला, "सालीसकट खावा. अर्धाच. डॉक्टरला विचारून आनलाय." मग साहेबासारखा घसा खाकरला आणि हंगामाची कामं वाटली. मला दिवसपाळी. काम: चिपाड तपासणं. पिळून झाल्यावर चिपाडात काय शिल्लक राहतं ते बघायचं.

काहीतरी राहतंच असणार. त्यासाठी कारखान्याने सबंध टेबल ठेवलंय, हे सहा वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

रविवार, १७ ऑक्टोबर

गोळ्या. भाकरी मोजून. रस बंद. डॉक्टरांनी दिवसाला एक मोसंबी खायला परवानगी दिली आहे. अख्खी.

सासूबाईंची माफी मागायची असं गेला आठवडाभर ठरवतोय. आज उपासनेहून आल्यावर नक्की मागणार होतो. दारात शेजारी बसले होते. टोपलीच्या वेळीही तेच बसले होते. आत गेलो.

सासूबाईंनी मोसंबी सोलली. फोड सोडवून हातावर ठेवली. मी चावली. रस गेला, चोथा तोंडात राहिला. बॉयलरला टाकायची सवय. विचारलं, हा थुंकू का?

म्हणाल्या, "गिळा."

गिळला. मग दुसरी फोड. शेळी दावणीवरून बघत होती. तिला कळलं असावं.

एक मोसंबी खायला मला अकरा मिनिटं लागली. सासूबाईंपेक्षा एक जास्त. टोपलीत आणखी होत्या. सासूबाई म्हणाल्या, अजून एक हवी का, डॉक्टरला सांगत न्हाई.

नको म्हणालो. पोट भरलं होतं.